यादी नको, प्रसंग सांगा

गेल्या अंकात वाचकांना विचारलं होतं : तुमचा सगळ्यांत आवडता सिनेमा कोणता, आणि त्यातला कोणता प्रसंग दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही? पत्रं भरपूर आली. बऱ्याच जणांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि दुसरा तसाच सोडला. नुसत्या याद्या. परभणीत आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही सिनेमे दाखवतो आणि नंतर बसून बोलतो. तिथं मी हेच पाहत आले आहे. ‘फार छान सिनेमा’ असं कुणी म्हटलं की गप्पा तिथंच थांबतात. ‘ती बाई पोराला घेऊन देवळात जाते ना, तेव्हा…’ असं कुणी सुरू केलं की मागच्या रांगेतली माणसं खुर्च्या ओढून पुढं येतात. म्हणून खालच्या उत्तरांत मीही प्रसंगच धरून बोलणार आहे.

प्रश्न : ताई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आम्हा मित्रांत रोज वाद. मी म्हणतो ‘फँड्री’ मोठा, बाकीचे म्हणतात ‘सैराट’. मला म्हणायलेत, तू उगी हुशारी दाखवायलास. तुम्हीच निकाल द्या. (एक वाचक, सेलू)

उत्तर : निकाल नाही देत, पण वाद कसा घालायचा ते सांगते. ‘फँड्री’तला तो प्रसंग मित्रांना आठवायला सांग : जब्याचं सगळं घर शाळेच्या आसपास डुक्कर धरायला धावतंय, डुक्कर अगदी हाताशी आलंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं घर जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटून जातं. एक शब्द बोलला जात नाही. नंतर डुक्कर काठीला बांधून नेताना मागं शाळेची भिंत दिसते, भिंतीवर थोर माणसांची चित्रं, त्यात बाबासाहेब आणि सावित्रीबाईही. कॅमेरा तिथं रेंगाळत नाही, बोट दाखवत नाही. ज्याला दिसलं त्याला दिसलं.

आता ‘सैराट’चा शेवट आठव. अख्खा सिनेमा अजय-अतुलच्या संगीतानं भरलेला, पोरं थिएटरात खुर्च्या सोडून नाचलेली. आणि शेवटी ते लेकरू घरात येतं तेव्हा सगळा आवाज काढून घेतलाय. ज्यांनी ‘झिंगाट’वर ताल धरला, त्यांनाच त्या शांततेत बसवलंय. पहिला अर्धा भाग गोड झाला म्हणून शेवट एवढा लागतो. माझ्या मते दोन्ही सिनेमे एकाच प्रश्नाचे आहेत, जातीच्या. ‘फँड्री’ 2014 च्या फेब्रुवारीत थिएटरात आला, ‘सैराट’ 2016 च्या एप्रिलमध्ये. दिग्दर्शक एकच, नागराज मंजुळे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस, म्हणजे आपल्या परांड्याला लागूनच. ती बोली, ती बाभळीची रानं आपल्याला परकी नाहीत. मला स्वतःला ‘फँड्री’ जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात कुणाला पळून जायलाही जागा नाही. पण ज्याला ‘सैराट’ मोठा वाटतो त्याला आधी विचार, कोणत्या जागी? तो शेवटाकडे बोट दाखवत असेल तर तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात.

प्रश्न : आमच्या सासूबाई ‘माहेरची साडी’ टीव्हीवर लागला की दर वेळी रडतात. माझी कॉलेजला जाणारी मुलगी त्यांना हसते. दोघींच्या मध्ये मी. काय करू? (एक गृहिणी, लातूर)

उत्तर : मुलीला रागावू नका. तिला आजीजवळ बसवा आणि एवढंच विचारायला लावा : आजी, हा सिनेमा तू पहिल्यांदा कुठं पाहिलास, बरोबर कोण होतं?

1991 साली हा सिनेमा आला तेव्हाचं मला चांगलं आठवतं. खेड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बाया टॉकीजला यायच्या. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या सुना, नुकती लग्नं झालेल्या पोरी. एरवी सिनेमाला जायचं तर घरातला पुरुष नेईल तेव्हा. या सिनेमाला बाया बायांबरोबर गेल्या. विक्रम गोखल्यांनी केलेला तो बाप, जो आईच्या मृत्यूचा दोष जन्मलेल्या लेकीच्या माथी मारतो, आणि उषा नाडकर्णींनी केलेली सासू, ही दोन माणसं पडद्यावर दिसली की आजूबाजूच्या रांगांतून सुस्कारे ऐकू यायचे. अलका कुबल रडली की सगळं थिएटर रडायचं. घरी ज्या गोष्टीवर रडायची सोय नव्हती त्या गोष्टीवर तिथं रडता आलं.

सिनेमा म्हणून त्यात दोष आहेत. सोसणाऱ्या बाईलाच तो देवी करतो, आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. तुमच्या मुलीला तेच खटकत असेल तर ती बरोबर आहे, तिनं ते आजीला सांगावंही. पण मूळ राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’, मग आपला मराठी, मग हिंदीत ‘साजन का घर’, तीन भाषांतल्या बाया या एका गोष्टीपाशी थांबल्या, ते का, हे तिनं आजीकडून ऐकून घ्यावं. सासूबाई सांगतील. मला खात्री आहे, त्या सिनेमाचं कमी आणि स्वतःचं जास्त सांगतील.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात वाद झाला. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग असं सगळे म्हणतात. मी गाथा चाळली, मला सापडला नाही. (निवृत्त तलाठी, नांदेड)

उत्तर : काका, तुम्हाला सापडला नाही कारण तो गाथेत नाहीच. तो लिहिला शांताराम आठवले यांनी, प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’साठी, 1936 साली. इतका सहज तुकोबांच्या बोलीत उतरला की वारकऱ्यांनी तो आपला म्हणून गायला, आणि जाणकारांचीही गफलत झाली. मंडळात तो म्हणत असाल तर म्हणत राहा, फक्त आठवल्यांचं नाव घ्या. गीतकाराला याहून मोठं सुख काय असेल, पण नाव त्याचं आहे.

आता तुम्ही हा विषय काढलाच आहे, तर माझा सगळ्यांत आवडता सिनेमा हाच. दामले आणि फत्तेलाल यांचा. मुंबईत तो एका थिएटरात सलग वर्षाहून जास्त चालला, 57 आठवडे. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची निवड झाली. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की लोक हात जोडत. पण मी तो बघते जिजाईसाठी.

पोरगं आजारी आहे. घरात काही नाही. तुकोबा भजनात. जिजाई पोराला ओढत देवळात नेते, हातात पायतान घेते आणि विठोबाला जाब विचारते. पायतान देवावर उगारलेलं. हे 1936 साली, भक्तिपटात! आणि थिएटरात कुणाला ते पाखंड वाटलं नाही, कारण तिचा राग खरा आहे आणि तिचं विठ्ठलाशी नातंही खरं आहे. परक्या माणसाशी कुणी असं भांडत नाही. हे काम केलं गौरी नावाच्या बाईंनी. प्रभातमध्ये किरकोळ कामं करता करता त्या पडद्यावर आल्या होत्या. त्यांच्या चालण्यात, पदर खोचण्यात, चुलीपुढं बसण्यात एक कणही खोटा नाही.

आणि शेवट पाहा. तुकोबांना न्यायला वैकुंठातून विमान यायचंय. ते जिजाईला म्हणतात, चल. आणि तिला जेवणाचं बघायचंय, पोरं उपाशी आहेत. ती जात नाही. आमच्या हॉलमध्ये हा प्रसंग झाला की दर वेळी कुणीतरी बाई मोठ्यानं बोलते, ‘बरोबर केलं तिनं!’ मागच्या खेपेला तर यावर अशी चर्चा रंगली की वाचनालयाचे शिपाई किल्ल्या घेऊन उभे राहिले. काका, तुमच्या मंडळातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हा सिनेमा पाहा. त्यातला ‘वृक्षवल्ली’ मात्र तुकोबांचाच, गाथेतला.

प्रश्न : तुमच्या सदरात सगळे गंभीर सिनेमे. दिवसभर दुकानावर उभं राहून घरी आल्यावर माणसानं काय रडायचं? माझा आवडता ‘अशी ही बनवाबनवी’. हसायला काय कमी लागतं का? (किराणा दुकानदार, उदगीर)

उत्तर : हसवायला जास्त लागतं, आणि त्या सिनेमात ते होतं. वसंत सबनीसांचं लेखन आहे ते. तमाशा, वगनाट्य हाताखालून गेलेला लेखक. 1988 साली आलेला हा सिनेमा आजही तोंडपाठ आहे. अशोक सराफांचा धनंजय माने दार उघडून समोरच्याला तोंड देतो तो प्रसंग घ्या. खोलीत एक खोटं लपवायचंय, दारात त्या खोट्याला उघडं पाडणारा माणूस उभा, आणि धनंजय शांतपणे एकेक थाप रचतोय. त्याच्या चेहऱ्यावर घाई नाही. हसू त्या न घाईतून येतं.

मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’ची. मराठीत ती जास्त रुजली, आणि त्याचं कारण मला तुमच्या उदगीरमध्येच दिसतं. उदगीर, गंगाखेड, किनवटची किती पोरं पुण्यात कॉट बेसिसवर राहतात! एका खोलीत सहा कॉट, मालकाचे नियम भिंतीला चिकटवलेले, पाहुणा आला तर लपवायचा, डिपॉझिट परत मिळेल का याची धाकधूक. त्यांना विचारा ते मोबाइलवर काय बघतात. हाच. चार जणांना डोक्यावर छप्पर पाहिजे आणि खरं बोलून ते मिळत नाही, एवढीच गोष्ट आहे आणि ती जुनी झालेली नाही. तुम्ही दुकान बंद करून तो लावता, तेव्हा शेजारी घरातलं तरुण पोरगं बसलेलं असेल तर त्याला पुण्यातल्या खोलीचं विचारा.

प्रश्न : जुन्या सिनेमांत मधूनच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक काळा ठिपका चमकून जायचा. तो कशाचा? (एक वाचक, जालना)

उत्तर : ऑपरेटरसाठीची खूण. सिनेमा एका लांब रिळावर नसायचा, तुकड्या-तुकड्यांत यायचा. दोन हजार फुटांचं एक रीळ साधारण वीस-बावीस मिनिटं चालतं, कारण सेकंदाला चोवीस चित्रं म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फिल्म सरकते. टॉकीजच्या केबिनमध्ये शेजारी-शेजारी दोन मशीनं. पहिल्यावरचं रीळ संपत आलं की कोपऱ्यात पहिला ठिपका येतो : दुसऱ्या मशीनची मोटर चालू करा. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका : आता बदला. हात चुकला तर पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या. त्यात कार्बनचे दोन रॉड जळत असायचे, त्यांच्यामधल्या ठिणगीचा उजेड पडद्यावर जायचा. रॉड जळून आखूड झाले की अंतर हातानं जुळवायचं, नाहीतर नायिकेचा चेहरा पिवळा पडायचा. तीन तास डोळा लावून बसायचं काम ते.

जत्रेतल्या तंबूत एकच मशीन. म्हणून रीळ बदलताना दिवे लागायचे आणि तेवढ्यात भेळवाला आत फिरून जायचा. माळेगावच्या जत्रेत, येरमाळ्याला, ज्यांनी तंबूत सिनेमा पाहिलाय त्यांनी मला जरूर लिहावं. केबिनमध्ये काम केलेल्या माणसांनी तर आधी लिहावं, कारण डिजिटल आल्यावर ती मशीनं भंगारात गेली आणि त्यांच्याबरोबर ते कसबही.

प्रश्न : सिनेमा म्हटलं की मुंबई, पुणे, कोल्हापूर. आपल्या भागाचं काय आहे त्यात? (शिक्षक, सिल्लोड)

उत्तर : गुरुजी, तुमच्या शेजारचं पळसखेड आहे! ना. धों. महानोर. अजिंठ्याच्या डोंगराखाली शेती केली आणि ‘जैत रे जैत’ची गाणी लिहिली. 1977 चा सिनेमा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. गोष्ट कर्नाळ्याच्या बाजूच्या ठाकरांची, पण त्या गाण्यांतला पाऊस, जांभूळ, रात, हे सगळं रानात राबलेल्या माणसानं पाहिलेलं आहे. ‘नभ उतरू आलं’ ऐकताना स्मिता पाटीलची चिंधी डोळ्यांपुढं येते, आणि मला त्याच वेळी आपल्याकडचं मृगाआधीचं आभाळ दिसतं. पुढं ‘सर्जा’, ‘एक होता विदूषक’, ‘मुक्ता’, ‘दोघी’. ‘सर्जा’तलं चिंब पावसाचं गाणं आमच्याकडे पहिला पाऊस झाला की अजून कुणीतरी लावतंच.

एवढंच नाही. त्यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेवर नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2012 साली सिनेमा केला : लेण्यांतली चित्रं कागदावर उतरवायला आलेला रॉबर्ट गिल आणि पारो. सोनाली कुलकर्णीनं पारो केली. तो सिनेमा मला कवितेइतका भिडला नाही. सजावट डोळ्यांत भरते आणि कवितेतली ओल कमी होते. पण मुलांना पारोच्या समाधीपर्यंत नेऊन आणा, मग सिनेमा दाखवा, आणि मग विचारा काय खरं वाटलं.

शिवाय चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी ही जोडी संभाजीनगरच्या नाट्यचळवळीतून गेलेली. त्यांचा ‘बिनधास्त’ 1999 चा, जवळजवळ सगळ्या भूमिका बायकांच्या, आणि तोही थरारपट. तेव्हाच्या मराठीत हे नवीनच होतं. प्रतीक्षा लोणकर आपल्याच. मकरंद अनासपुरेंनी तर आपली बोली थेट पडद्यावर नेली. तिची थट्टा करवून घेतली नाही, तिच्या जोरावर समोरच्याला गार केलं.

प्रश्न : आमचे आजोबा ‘मुघल-ए-आझम’चे संवाद धडाधडा म्हणतात. मराठी सिनेमा बघतच नाहीत. त्यांना मराठीची गोडी कशी लावावी? (एक विद्यार्थिनी, हिंगोली)

उत्तर : लावू नकोस, त्यांच्याकडून उर्दू शिकून घे. बाळ, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता, शाळांत उर्दू होती. तुझ्या आजोबांचं बालपण त्या अक्षरांत गेलं असेल. के. आसिफ यांच्या त्या सिनेमाला चार-चार लेखक होते. अकबर आणि सलीम समोरासमोर उभे राहून बोलतात तेव्हा प्रत्येक वाक्य तोलून मापून येतं. ज्याला ती भाषा येते त्याला त्यात जे सुख मिळतं ते आपल्याला अर्धंच मिळतं. आजोबांना वाक्य थांबवून अर्थ विचार, ते खुलतील.

मराठीचंच म्हणशील तर त्यात जोधाबाई आहेत दुर्गा खोटे. 1932 साली पहिल्या मराठी बोलपटात, ‘अयोध्येचा राजा’मध्ये, तारामती झालेल्या त्याच. मध्ये अठ्ठावीस वर्षं. आजोबांना हे सांगून बघ आणि तारामती दाखव. राज्य गेलेली राणी आणि मुलगा-नवरा यांच्यामध्ये अडकलेली राणी, दोन्हींकडे एकच ताठ मान आहे.

प्रश्न : मी केज तालुक्यातली. आई-वडील दसरा झाला की ऊसतोडीला जातात. मी वसतिगृहात राहून बी. ए. करते. मैत्रिणी आवडता सिनेमा सांगतात, मला एकही आपला वाटत नाही. आमच्या घरचं मीच शूट करावं असं मनात येतं. मोबाइल आहे, बाकी काही नाही. वेडेपणा आहे का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : नाही. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आधी पाहण्यासारखं सांगते. ‘टिंग्या’ बघ, 2008 चा, मंगेश हाडवळे यांचा. बैल बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून जायबंदी होतो, बाप त्याला विकायला निघतो, कारण बटाट्याच्या लागवडीला दुसरा बैल पाहिजे. पोरगं विचारतं, शेजारची नानी म्हातारी आहे, तिला दवाखान्यात नेता, मग माझ्या बैलाला खाटकाकडं का? कुणालाच उत्तर देता येत नाही. बाप वाईट नाही, कुणीच वाईट नाही, आणि बैल जाणारच. मग ‘ख्वाडा’ बघ, भाऊराव कऱ्हाडेंचा, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घराचा. त्यातला आवाज नीट ऐक. तो जागेवरच, शूटिंगच्या वेळी घेतलेला आहे, नंतर स्टुडिओत भरलेला नाही, आणि त्यासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मेंढरांच्या पायांचा आवाज सुद्धा कळतो. नागराज मंजुळ्यांनीही सुरुवात ‘पिस्तुल्या’ या छोट्या फिल्मनं केली, अहमदनगरला शिकत असताना. तिलाही राष्ट्रीय पुरस्कार होता.

आता तुझं. मोठी गोष्ट रचू नकोस. ट्रक यायच्या आदल्या रात्री आई काय काय बांधते, तेवढंच घे. पीठ किती, तवा कुठं ठेवला, कोयत्याला धार कोण लावतं, कोंबड्या कुणाकडं सोडल्या, शेळीला काय सांगितलं. आजी मागं राहते का? कुलूप कोण लावतं? तू आतली आहेस म्हणून हे तुला दिसतं. बाहेरून कॅमेरा घेऊन येणारा माणूस उसाच्या फडात जाऊन मोळी डोक्यावर घेतलेली बाई टिपतो आणि निघून जातो.

मोबाइल आडवा धर. विमान मोडवर टाक, नाहीतर ऐन वेळी रिंग वाजेल. बोट पडद्यावर दाबून उजेड कायम कर, म्हणजे चुलीचा जाळ आला-गेला तरी चित्र उजळ-काळं होत राहणार नाही. प्रत्येक जागी काही न बोलता दोन-तीन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेव, जोडकामाच्या वेळी तो सोन्यासारखा उपयोगी पडतो. वारं असेल तर माइकच्या भोकावर पातळ कापड. मागं करुण संगीत लावू नकोस. तुझी आई बोलते ते पुरे.

आणि एक गोष्ट मी मनापासून सांगते. आगाऊ घेतलेली उचल, मुकादम, हिशेब या गोष्टी पडद्यावर आणशील तर आधी आई-वडिलांना विचार. तू वसतिगृहात असशील आणि ते फडावर कोपीत असतील. तुझ्या फिल्मचा त्रास तिकडं त्यांना व्हायला नको. त्यांनी नको म्हटलं तर तो भाग काढ. पहिल्यांदा झालेली फिल्म त्यांनाच दाखव. आई कुठं थांबून बघते, कुठं मान फिरवते, ते लिहून ठेव. झाली की आमच्या हॉलमध्ये आण. येण्या-जाण्याचं आणि राहण्याचं आम्ही बघू.

प्रश्न : आम्ही गंगाखेडचे पाच-सहा जण. तुमच्यासारखं सिनेमा बघून बोलणारं मंडळ काढायचंय. कशी सुरुवात करावी? (एक डॉक्टर)

उत्तर : जागा आणि वार ठरवा, मग दोन्ही बदलू नका. लोकांना लक्षात राहिलं पाहिजे की दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी अमुक ठिकाणी. शाळेचा हॉल चालतो. प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो. आवाजासाठी मात्र पैसे खर्च करा, कारण मागच्या रांगेला संवाद कळला नाही तर तो माणूस पुन्हा येत नाही. कुठूनतरी उतरवलेली प्रत लावू नका, निर्मात्याला पत्र लिहा. छोट्या मंडळाला बरेच निर्माते आनंदानं परवानगी देतात, काही दिग्दर्शक तर स्वखर्चानं बोलायला येतात. रीतसर फिल्म सोसायटी करायची असेल तर फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया आहे. 1959 साली ती स्थापन झाली तेव्हा सत्यजित राय तिचे अध्यक्ष होते. आणि हिवाळ्यात संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला सगळे मिळून जाऊन या. 2025 मध्ये तिथं सई परांजपे यांना पद्मपाणी पुरस्कार मिळाला. जगभरचे सिनेमे आता गंगाखेडहून एसटीनं जाऊन बघता येतात, याचा फायदा घ्या.

बोलण्याचं सांगते. सिनेमा संपल्यावर लगेच ‘कसा वाटला’ विचारू नका. दिवे लावा, चहा द्या. मग एकच विचारा : कोणता प्रसंग अजून डोळ्यांपुढं आहे? सगळ्यांत कमी बोलणाऱ्याला आधी विचारा. पहिल्या महिन्यात प्राध्यापकांची भाषणं ठेवू नका, बायका येतील अशी वेळ ठेवा आणि लहान मुलं आणायला हरकत नाही असं बोर्डावरच लिहा. पहिला सिनेमा कोणता लावताय ते मला कळवा, मी ‘संत तुकाराम’ सुचवते.